सासूबाईंचं पहिलं पिस्तूल

"सासूबाईंसाठी पिस्तूल निवडायचं? दहा मिनिटांचं काम!"

रॉयस टिलरीनं छाती ठोकून सांगितलं, तेव्हा त्याच्या मिशीला नाश्त्याची पांढरी ग्रेव्ही लागली होती. पण आत्मविश्वास असा, की जणू बंदुकीचा शोध ह्याच्याच आजोबांनी लावलाय!

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. अर्कान्सासच्या त्या डोंगरांत ज्याच्या गाडीत बंदूक अडकवायची खुंटी नाही, त्याला लोक आजारी समजतात. रॉयस तर पोरवयापासून रायफल घेऊन हरणांमागं हिंडलेला. पिस्तूल मात्र त्यानं जन्मात चार-दोनदाच हातात धरलेलं. पण तसं कबूल कोण करणार? ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं विमानाची किल्ली मागावी, तशातली गत!

झालं होतं असं. त्याच्या सासूबाई, ओपल, सत्तरी ओलांडलेल्या, डोंगरापलीकडं एकट्या राहायच्या. परवा भरदुपारी कुणीतरी त्यांच्या शेडमधला जनरेटर उचलून नेला. त्यावर आज नाश्त्याला आईला समोर बसवून रॉयसच्या बायकोनं, चार्लीननं, निकाल दिला.

"आईला तिथंच राहायचं असेल तर घरात पिस्तूल हवं, आणि ते तिला नीट चालवता यायला हवं. नाहीतर ती इथं येईल."

"इथं कुठं?"

"तुझ्या खोलीत."

रॉयसच्या हातातला काटा खाली पडला. त्याची खोली! तिथला टीव्ही धान्याच्या कोठाराच्या दाराएवढा. खुर्ची अशी, की खटका दाबला की माणूस आडवा. आणि बिअरचा फ्रीज इतका जवळ, की उठायचं कामच नाही. स्वर्गात याहून जास्त काय असतं, हे त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

"चला आई," तो म्हणाला. "आत्ताच जाऊ!"

बंदुकांचं दुकान त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तेवढ्यात त्यानं सासूबाईंना सगळं शिकवून टाकलं. "सोपं असतंय आई. लहान हात, लहान बंदूक. मोठा हात, मोठी बंदूक."

"बुटांसारखं?" ओपलबाई म्हणाल्या.

"अगदी बुटांसारखं!"

दुकानात शिरला आणि रॉयसचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. रायफली घ्यायला तो कायम डावीकडं वळायचा. उजवीकडची पिस्तुलांची बाजू त्यानं कधी धड बघितलीच नव्हती. काचेखाली रांगाच रांगा! काळी, चंदेरी, वाळूच्या रंगाची, एक तर चक्क जांभळं! त्यानं नकळत टोपी काढून हातात घेतली. चर्चमध्येसुद्धा बायकोनं कोपर मारल्याशिवाय काढत नाही!

काउंटरमागं मार्वा उभी होती. दुकानही तिचंच आणि मागची नेमबाजीची रेंजही तिचीच. दंड असे, की बैल विचार करून पुढं येईल.

"कुणासाठी?"

"आमच्या आईंसाठी," रॉयस म्हणाला. "ते बारकं रिव्हॉल्व्हर दाखवा. हलकं."

मार्वानं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "मावशी, घरात लहान पोरं येतात का?"

"सुट्टीत नातवंडं येतात."

"मग आधी कुलपाची पेटी आणि त्यानंतर पिस्तूल. पेटी अशी, की तुम्हाला झटक्यात उघडता आली पाहिजे आणि पोरांना जन्मात नाही. हात बघू."

"अहो, ते बारकं!" रॉयस मध्येच. "हलकंच बरं पडतं."

"दादा, गोळी सुटली की धक्का कुणीतरी सोसायचा असतो. पिस्तूल वजनदार असलं तर ते सोसतं. हलकं असलं तर तुम्ही."

"मी आयुष्यभर शिकार केलीय!"

एवढं कानावर पडायचा अवकाश, काडतुसं घ्यायला आलेला, पँटला खांद्यावरून गॅलिस लावलेला म्हातारा वळला. "रिव्हॉल्व्हरच घ्या, बाई! कधी अडकत नाही."

त्याच्या मागं गावच्या चर्चचे पास्टर उभे होते. "त्यात पाचच गोळ्या! पाचांत काय होतंय?"

"पाचांत नाही जमलं तर पळावं, पास्टर!"

"ह्यांना पळवता का ह्या वयात?"

"तुम्ही नका बोलू! तुमचा नेम म्हणजे तुमचं प्रवचन. संपतं कुठं, कुणालाच ठाऊक नाही!"

लगेच दोन तट पडले. रॉयस मध्ये उभा राहून दोघांनाही शिकवायला लागला. लग्न कुणाचं, नाचतंय कोण!

"मला कुणी विचारणार आहे का?" ओपलबाई पर्स सावरत म्हणाल्या.

त्याबरोबर सगळ्या माना त्यांच्याकडं वळल्या.

"विचारायचं नाही, मावशी. चालवून बघायचं," मार्वा म्हणाली. "हातात धरून सगळीच गोड वाटतात. मागं रेंजवर भाड्यानं मिळतात, चला."

कानांवर आवाज अडवणारी झाकणं, डोळ्यांवर चष्मे. समोर लांबवर कागदी निशाण टांगलेलं. पास्टर आणि तो म्हाताराही वाद अर्धवट टाकून मागोमाग आले.

"आई, तुम्ही फक्त बघा," रॉयस म्हणाला आणि ते बारकं रिव्हॉल्व्हर उचलून त्यानं चाप दाबला.

धडाम! मनगट असं झिणझिणलं, जणू गाढवानं शेकहँड केलाय. निशाणाच्या कागदाला भोक नाही. पण कागद ज्या चिमट्याला लटकला होता तो चिमटा फुटला, आणि कागद भिरभिरत खाली!

"नेम बरोबर लागला," रॉयस म्हणाला. "चिमट्यालाच मारायचं होतं."

मार्वानं दुसरा कागद लावला आणि मध्यम आकाराचं पिस्तूल त्याच्यापुढं ठेवलं. "दादा, शर्टाची बटणं लावा."

"उकडतंय हो!"

आता इथंच घोटाळा झाला. त्याच्या शिकारीच्या रायफलीतून काडतुसाची रिकामी पुंगळी आपण ओढून काढू तेव्हाच बाहेर पडते. पिस्तुलाला तेवढा धीर नसतो. गोळी पुढं, पुंगळी उडून बाजूला, तापलेल्या तव्यासारखी! रॉयसच्या अंगात फुलाफुलांचा शर्ट, वरची तीन बटणं उघडी. म्हणजे पुंगळीला आमंत्रणच की!

पहिलीच पुंगळी कडेच्या फळीवर आपटून सरळ शर्टात.

पण माणूस बंदुकीच्या घरातला! काय वाट्टेल ते झालं तरी नळी समोरच राहिली पाहिजे आणि बोट चापावरून काढलं पाहिजे, हे त्याच्या आजीनं पाठीत धपाटे घालून शिकवलेलं. म्हणून उजवा हात समोर खिळ्यानं ठोकल्यासारखा ताठ, आणि बाकीचा सगळा रॉयस नाचतोय! डावा पाय वर, मग उजवा, कंबर गोल गोल, तोंडातून "हू! हू! हाय!"

"थांबा! सगळे थांबा!" मार्वा गरजली. सगळ्या रेंजनं बंदुका खाली ठेवल्या आणि तमाशा बघायला सुरुवात केली. तिनं त्याच्या हातातून पिस्तूल अलगद काढून घेतलं. त्याबरोबर रॉयसनं शर्ट फाडला! पण पुंगळी तोवर पँटमध्ये उतरली होती.

पुढचं सांगत नाही. पास्टर हजर होते.

रॉयसची रवानगी काचेपलीकडच्या बाकावर झाली. अंगात फक्त बनियन, मांडीवर सासूबाईंची पर्स. खोली हातची गेली, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. आपल्यासारख्या शिकाऱ्याची ही दशा, तर ह्या बाईचं काय होणार?

ओपलबाईंनी गळ्यापर्यंत बटणं लावली. पिस्तुलाचा वरचा भाग मागं ओढायला गेल्या, हलेना. मार्वानं दाखवलं: छातीजवळ धरा, एका हातानं मागं ओढा, दुसऱ्यानं पुढं ढकला. खट्! जमलं. त्यांच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू आलं.

मग त्या नुसत्या उभ्या राहिल्या. खांदे सैल, मान सरळ. घाई नाही, गडबड नाही. ठो. थांबल्या. ठो. थांबल्या. असं पिस्तूल रिकामं होईपर्यंत.

मार्वानं कागद जवळ ओढला. सगळी भोकं अगदी मधोमध, बशीखाली झाकतील एवढ्या जागेत!

गॅलिसवाल्या म्हाताऱ्यानं टोपी काढली. पास्टर कागद उजेडाला धरून भोकं मोजत राहिले! आणि काचेपलीकडं रॉयस कधी उभा राहिला, त्याचं त्यालाच कळलं नाही. वीस वर्षं ही बाई आपल्या टेबलाशी बसून मुकाट्यानं मटार खात होती, आणि आपण तिला लोणच्याची बरणी उघडून देत होतो!

"कुठं शिकलात, मावशी?" मार्वानं विचारलं.

"कुठं म्हणजे? आत्ताच. तूच शिकवलंस ना?"

पिस्तूल ठरलं, पेटी घेतली, पिस्तूल घेणाऱ्याची सरकारी तपासणीही निर्विघ्न पार पडली. मार्वाच्या शिकवणीलाही नाव घातलं. रॉयस शीळ वाजवत गाडीत बसला. खोली वाचली! ह्या बाईला आता कशाची भीती?

"रॉयस," ओपलबाई म्हणाल्या, "मंगळवारी आणि गुरुवारी इथं बायकांची स्पर्धा असते. मार्वा म्हणते, मी यायलाच पाहिजे."

"जायलाच पाहिजे, आई! असा हात वाया घालवायचा नसतो!"

"मीही तेच म्हणते. पण माझ्या घरापासून येणं म्हणजे अख्खा डोंगर ओलांडायचा, आणि तुझ्याकडून हाकेच्या अंतरावर. चार्लीनला फोन केलाय. ती खोली रिकामी करतेय."

रॉयसची शीळ बंद पडली. सकाळी हीच गोष्ट ऐकून त्यानं थयथयाट केला असता. पण बशीएवढ्या जागेत सगळ्या गोळ्या घालणाऱ्या बाईशी माणूस वाद कसा घालणार? आणि खरं सांगायचं, तर घालावासाही वाटेना.

आता दर मंगळवारी आणि गुरुवारी तो काचेपलीकडच्या बाकावर पर्स सांभाळत बसतो आणि येईल त्याला सांगतो, "ती बघा, रांगेतली तिसरी! माझी सासू!"

परवा एका नव्या माणसानं विचारलं, "आणि तुम्ही काय चालवता?"

"मी?" रॉयस म्हणाला. "मी गाडी चालवतो."