वर निघाली की वरच

शनिवारी दुपारचे चार वाजले तरी चिंगीने बटण दाबलं नव्हतं.

बटणं दोनच होती. जेवणाच्या टेबलावर उघड्या लॅपटॉपमध्ये एक हिरवं, एक करडं. हिरव्यावर लिहिलं होतं ‘येते’, करड्यावर ‘येत नाही’. संगणकशास्त्राचं पुढचं शिक्षण घ्यायला एका मोठ्या विद्यापीठाने तिला बोलावलं होतं. दोन वर्षं, दूरच्या शहरात. शनिवारी पाचपर्यंत उत्तर द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला, असंही बजावलं होतं. आठवडाभर चिंगीचं बोट हिरव्याकडे जाई आणि मागे येई, करड्याकडे जाई आणि मागे येई. तिच्या आईने तर शेवटी विचारलं होतं, “दाबतेयस की वारा घालतेयस?”

“बाबा, तुम्ही सांगा ना.”

“मी काय सांगणार? तू ठरव,” मिस्त्री म्हणाले. हे उत्तर त्यांनी त्या आठवड्यात वीसेक वेळा दिलं असेल.

मिस्त्री म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांना वर नेलं, खाली आणलं आणि अधेमधे अडकलेल्यांना बाहेर काढलं. हात यंत्रात लहानपणीच बसला होता, अक्षर मात्र उशिरा बसलं. चिंगी पहिलीत गेली तेव्हा तिच्याच वहीवर तेही पहिलीत गेले. मास्तरीण सहा वर्षांची आणि विद्यार्थी त्रेचाळीसचा. ‘क’ची गाठ उलटी पडली की मास्तरीण बोटांवर पट्टी मारायची. तेव्हापासून मिस्त्रींना लेकीच्या विद्येचा जो धाक बसला तो बसलाच. अजूनही तिच्या लॅपटॉपसमोर ते हात पाठीमागे बांधून उभे राहत. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी मुंग्यांसारख्या सरसर चढत, आणि मिस्त्री श्वास रोखून बघत. बघता बघता त्यातलं एखादं अक्षर आपल्याला ओळखेल अशी त्यांना आशा असे.

‘जा’ म्हणावं तर घर ओस पडणार. ‘नको जाऊस’ म्हणावं तर ज्या विद्येपुढे आपण श्वास रोखतो, तिचाच रस्ता आपण अडवणार. म्हणून ‘तू ठरव’.

घरात आई नव्हती. ती शिवणकाम करायची, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडून बारा पडद्यांचा गठ्ठा आणायला खाली गेली होती.

सव्वाचारच्या सुमाराला इमारतीच्या दारात दोन माणसं एकाच वेळी शिरली. एक मिस्त्रींची थोरली बहीण, म्हणजे चिंगीची आत्या. पोरीने आणखी शिकून डोळे आणि लग्नाचं वय दोन्ही घालवू नये, हे सांगायला ती पाचच्या आत पोचायचं म्हणून निघाली होती. दुसरा चिंगीच्या कंपनीचा मॅनेजर. चिंगी नोकरी सोडून जाऊ नये म्हणून तो बढतीचं पत्र घेऊन आला होता. दोघं लिफ्टमध्ये चढले, दोघांनी एकदमच सहाचं बटण दाबलं आणि एकमेकांकडे संशयाने पाहिलं.

आता ही लिफ्ट साधी राहिली नव्हती. चिंगीची कंपनी लिफ्ट चालवणारे प्रोग्राम बनवायची. महिन्यापूर्वी चिंगीने स्वतः लिहिलेला नवा प्रोग्राम या लिफ्टला बसवला होता. आधी तुमच्याच इमारतीत करून बघा, असं मॅनेजरनेच सांगितलं होतं. जुन्या खटक्यांची पेटी निघाली आणि तिच्या जागी वहीएवढी डबी आली. त्या दिवशी मिस्त्री डबीकडे तासभर बघत बसले होते. आपण ज्या पेटीत छत्तीस वर्षं दोन्ही हात घालून बसलो, ती पेटी पोरीने वहीत मावेल एवढी केली!

लिफ्ट दुसरा मजला ओलांडून वर गेली आणि नेमकं तेव्हाच आईने दुसऱ्या मजल्यावर बटण दाबलं.

सहाव्या मजल्यावर मिस्त्रींनी एकदम मान वर केली. “चिंगे, दोराचा आवाज ऐक.”

“मला नाही काही ऐकू येत.”

“वर जातेय… वळली. खाली जातेय… परत वळली.” मिस्त्री चपला घालत म्हणाले, “ही काय चाल झाली?”

दोघं जिन्याने पाचव्या मजल्यावर आले. लिफ्टच्या दाराच्या जाळीतून खाली वाकून पाहिलं, तर लिफ्ट चौथ्या आणि पाचव्याच्या मध्ये दोन हात वर येत होती, क्षणभर थबकत होती आणि दोन हात खाली जात होती.

“अरे, मिस्त्री म्हणवतोस ना स्वतःला!” आतून आत्याचा आवाज आला. “ही बया मला पाळण्यात घालून झोके देतेय!”

“अक्का, घाबरू नकोस. दोर मजबूत आहे.”

“दोराचं कौतुक सांगू नकोस मला! वर जाते म्हणते, जात नाही. खाली जाते म्हणते, जात नाही. हुबेहूब तुझी लेक!”

“मॅडम,” मॅनेजरचा बारीक आवाज आला, “हा तोच प्रोग्राम ना? ज्याची मी वरच्या साहेबांकडे स्तुती केली?”

चिंगीचा चेहरा उतरला. मग ती भिंतीला टेकून बोटं मोजत पुटपुटायला लागली, आणि दोन मिनिटांत कपाळाला हात लावून म्हणाली, “बाबा, कळलं. मी तिला दयाळू केलीय.”

“म्हणजे?”

“कुणावर अन्याय नको म्हणून. जो जास्त वेळ थांबलाय त्याचं दुःख जास्त धरायचं आणि आधी त्याच्याकडे जायचं. आता खाली आई थांबलीय, म्हणून ती खाली वळते. वळली की आईचं दुःख कमी झालं, पण आतल्यांचं वाढलं. म्हणून ती वर वळते. वळली की आईचं वाढलं…”

“आणि हे कुठवर?”

“कुठवरही.”

मिस्त्रींनी तोंडात बोट घातलं. छत्तीस वर्षांत लिफ्ट गंजून अडली होती, उंदराने तार कुरतडून अडली होती, लग्नाचं कपाट अडकून अडली होती. दया येऊन अडलेली लिफ्ट ते पहिल्यांदाच बघत होते.

चिंगीने आईला फोन लावला. “आई, जिन्याने ये ना.”

“बारा पडदे घेऊन? तू येतेस खाली हमाली करायला? बटण दाबलंय मी, येईल लिफ्ट.”

“दाबलंस तेच चुकलं गं!”

“मग काय, लिफ्टला पत्र लिहू?”

फोन बंद झाला. आणि आई जिन्याने आली असती तरी उपयोग नव्हता, हे चिंगीला मग आठवलं; एकदा आलेली हाक लिफ्ट विसरत नव्हती. तेही चिंगीनेच तसं लिहिलं होतं. आत लाल बटण होतं, पण ते दाबलं तर लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच उभी राहिली असती. वीज तोडून गच्चीवरचं चाक हाताने फिरवावं, तर चाकाची दांडी कपाटात, कपाटाची किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरी सासुरवाडीला.

“मला प्रोग्रामच बदलावा लागेल,” चिंगी म्हणाली. “वर मशीनच्या खोलीत, लॅपटॉप तारेने जोडून.” मग ती थांबली. “पण त्या खोलीत नेटवर्क येत नाही. पाचच्या आत काम झालं नाही तर…”

पावणेपाचला दहा मिनिटं कमी होती.

“ते बटण मग राहूनच गेलं,” ती हळूच म्हणाली. आवाजात वाईट वाटणं होतं आणि सुटकाही होती. मिस्त्रींना दोन्ही ऐकू आलं. दोराचा आवाज ओळखणाऱ्याला लेकीचा आवाज ओळखू येणारच.

पण त्यांना बोलायचं होतं ते लिफ्टबद्दल.

“चिंगे, तुझ्या लिफ्टला अक्कल आहे, मान्य. आमच्या जुन्या लिफ्टला ती नव्हती. पण रीत होती. वर निघाली की वरच. वाटेत वरचे असतील त्यांना घ्यायचं, खालचा कितीही ओरडला तरी मान वळवायची नाही. वरचं संपलं की मग खाली, तेही शेवटपर्यंत.”

“आणि तोवर खालच्याचं काय?”

“त्याची पाळी येते ना. उशिरा येते, पण येतेच. येणार हे ठाऊक असतं म्हणून तो थांबतो.” मिस्त्रींनी जाळीतून खाली बोट दाखवलं. “मधेच वळणाऱ्या लिफ्टचा कुणालाच उपयोग नाही बघ. वरच्याला नाही नि खालच्यालाही नाही.”

चिंगी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग वळली आणि दोन दोन पायऱ्या चढत घरातून लॅपटॉप घेऊन गच्चीकडे निघाली. मागून मिस्त्री गुडघे धरत चढत होते. गच्चीच्या दाराआधीच्या शेवटच्या पायरीवर ती क्षणभर टेकली, लॅपटॉप मांडीवर उघडला, काहीतरी केलं आणि उठली. लिफ्टचंच काही असेल, असं मिस्त्रींना वाटलं.

मशीनच्या खोलीत मोठं चाक अर्धा वेढा इकडे, अर्धा वेढा तिकडे करत कण्हत होतं. चिंगीने तार जोडली. मुंग्या पडद्यावर सरसर चढल्या. मिस्त्री सवयीने हात मागे बांधून उभे राहिले.

“बाबा, हे मी दहा वेळा वाचलं होतं,” ती टाइप करता करता म्हणाली. “तरी हा घोळ दिसला नाही. आणि गंमत सांगू? कुठलाही प्रोग्राम समोर ठेवला, तर तो कधी थांबेल की असाच फिरत राहील, हे हमखास सांगणारी एकच एक युक्ती नसतेच. कुणालाही कधी सापडणार नाही.”

“अजून सापडली नसेल.”

“नाही बाबा, सापडणारच नाही. तसं सिद्ध केलंय.”

मिस्त्रींचे मागे बांधलेले हात सुटले. “म्हणजे आपल्याला माहीत नाही, एवढंच नाही? माहीत होणारच नाही, हे पक्कं माहीत आहे?”

“हो.”

“कधी शोधलं हे?”

“कॉम्प्युटर तयार व्हायच्या आधी. नुसतं कागदावर.”

मिस्त्री जवळच्या डब्यावर मटकन बसले. जगात पहिली लिफ्ट बनायच्या आधी कुणीतरी खोलीत बसून, कागद-पेन्सिल घेऊन, लिफ्ट अडणार की नाही हे आधी कधीच सांगता येणार नाही, असं लिहून ठेवावं तसंच की हे! माणसाच्या डोक्याची उंची किती मजल्यांची असते? त्यांनी वर पाहिलं. वर नुसतं छप्पर होतं, तरी ते बराच वेळ वर बघत होते.

“आणि हे तुला तिथे शिकवणार?”

“हे आणि याच्या पुढचं.”

“याच्या पुढेही आहे?” मिस्त्रींचा आवाज इतका खाली गेला की चाकाच्या कण्हण्यात तो बुडून गेला.

चिंगीने शंभरेक ओळी खोडल्या आणि आठ-दहा लिहिल्या. चाक थबकलं, दम घेतल्यासारखं थांबलं, आणि एकाच दिशेने गरागरा फिरायला लागलं.

दोघं सहाव्या मजल्यावर पोचले तेव्हा लिफ्टचं दार उघडतच होतं. पाच वाजून चार मिनिटं झाली होती. आत्या आणि मॅनेजर एकमेकांना सावरत बाहेर आले. पाऊण तासात दोघांची गट्टी जमली होती, आणि मॅनेजरला ‘मॅडम’चं घरातलं नाव कळलं होतं.

“चिंगे,” आत्या भिंत धरून म्हणाली, “मी तुला जाऊ नकोस सांगायला आले होते. आता सांगते, जा! आजच जा! अर्धवट शिकून ही दशा केलीस, पूर्ण शिकून ये आणि मग लिफ्टला हात लाव!”

“मीही हेच म्हणणार होतो,” मॅनेजर म्हणाला. बढतीच्या पत्राची त्याने आतमध्ये घडी घालून पंखा केला होता. “दोन वर्षं आम्ही कसंही भागवू, चिंगी. तुम्ही निवांत शिका.”

“पण पाच वाजून गेले!” आत्याने घड्याळ पाहून छाती बडवली. “गेली ना जागा! मेल्या लिफ्टने पोरीचं नशीब अडवलं!”

“नाही गेली,” चिंगी म्हणाली. “मी ‘येते’ दाबलं मघाशीच. गच्चीच्या पायरीवर.”

मिस्त्रींनी तिच्याकडे पाहिलं.

“तुम्हीच सांगितलंत ना बाबा,” ती म्हणाली, “वर निघाली की वरच.”

“मी लिफ्टबद्दल बोलत होतो!”

“ठाऊक आहे.” तिने डोळे पुसले. “खालच्याची पाळी येतेच, हेही तुम्हीच म्हणालात. मी येईन परत.”

तेवढ्यात लिफ्ट आपली आपण खाली गेली, दुसऱ्या मजल्यावर थांबली आणि वर आली. पडद्यांचा गठ्ठा आधी बाहेर आला, मागून आई.

“सगळे मेले इथे उभे, आणि मी तिथे तासभर! काय ठरलं गं?”

“ठरलं म्हणजे काय, मी ठरवलं,” आत्या म्हणाली. “मी नसते आले तर बसली असती बोट हलवत.”

पुढे सगळ्या नात्यागोत्यात तेच कायम झालं. चिंगीला शिकायला आत्याने पाठवलं.

चिंगी गेल्यावर चार महिन्यांनी मिस्त्रींच्या फोनवर एक फोटो आला. पुस्तकाचं पान होतं. खाली चिंगीने लिहिलं होतं, ‘बाबा, कॉम्प्युटरमधल्या फिरत्या तबकडीवरची माहिती कशी उचलायची, त्याची रीत आज शिकवली. बघा.’

मिस्त्रींनी चष्मा लावला. पानावरची अक्षरं परक्या भाषेतली होती, पण मधोमध चित्र होतं. एक बाण वर जात होता, वाटेतल्या सगळ्या ठिपक्यांना घेत, टोकापर्यंत. मग तो वळून खाली येत होता, तोही टोकापर्यंत.

“अहो, काय आहे त्यात एवढं?” आईने शिलाई थांबवून विचारलं.

“लिफ्ट आहे,” मिस्त्री म्हणाले. “चिंगीने खाली आणखी लिहिलंय, या रीतीला नावसुद्धा लिफ्टचंच दिलंय.”

“मग तुमचं नाव आहे का त्यात?”

“माझं कसं असेल? त्यांनी खूप आधी शोधलंय हे. केवढी मोठी माणसं ती.” मिस्त्रींनी फोन जरा लांब धरला, मान तिरकी करून त्या बाणाकडे पुन्हा आदराने पाहिलं आणि हळूच म्हणाले, “पण म्हणजे त्यांनीही आधी कुणा मिस्त्रीलाच विचारलं असणार.”