दर सोमवारचा राजीनामा

आमचा बॉस दर सोमवारी सकाळी नऊ वाजता राजीनामा द्यायचा. मग श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून चिठ्ठी काढायची. ज्याचं नाव निघेल तो आठवडाभर लीडर. सुधीर भालेराव, वय बावन्न, अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या आमच्या टीमचा मॅनेजर, आणि हे त्याचं मॅनेजमेंट!

"निर्णय वरच्यानेच घ्यायचा, हे कोणी ठरवलं?" हे त्याचं पालुपद. मीटिंगमध्ये टेबलाच्या टोकाला तो कधी बसला नाही. "सर-बिर म्हणायचं नाही. नुसतं सुधीर, आणि अरे-तुरे." कंपनीने त्याला लीडरशिपच्या ट्रेनिंगला पाठवलं, तर तिथल्या बाईंना हाच प्रश्न विचारून विचारून त्याने अगदी रडवेलं केलं.

एकदा राहुलची चिठ्ठी निघाली. हा नुकताच नागपूरहून आलेला, सगळ्यात ज्युनिअर. सुधीरने त्याच्याकडे शुक्रवारची रजा मागितली आणि त्या पठ्ठ्याने चक्क नाकारली! सुधीर शुक्रवारी हजर, वर खूश. "बघा, थिअरी चालतेय यार!"

कप्पाळ चालतेय! मार्चमधल्या एका सोमवारी वरून निरोप आला: एक माणूस कमी करा, शुक्रवारपर्यंत नाव द्या. सुधीर धरून आम्ही पाचही जण व्हिसावर. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर गाशा गुंडाळा.

त्या दिवशी सुधीरने डबा काढलाच नाही. दार लावून म्हणाला, "सगळे मिळून वर जाऊ. सांगू, नाव देणार नाही. येताय ना?"

राहुल फोनमध्ये डोकं घालून बसला. माझ्या डोळ्यांपुढे माझी लेक ईशा, हायस्कूलचं शेवटचं वर्ष. शेवटी मीच तोंड उघडलं. "सर, मॅनेजर तुम्ही आहात. तुम्हीच ठरवा."

चार वर्षांत पहिल्यांदा 'सर'. तो माझ्याकडे बघत राहिला. "बरं," म्हणाला. शुक्रवारी त्याने स्वतःचं नाव दिलं.

मेमध्ये त्याला एअरपोर्टवर सोडायला मी एकटीच गेले. बाकीच्यांना नेमकी कामं निघाली. घरचं असं त्याचं इथे कोणी नव्हतंच. गाडीत मी कसंबसं म्हटलं, "सुधीर, चुकलं रे माझं."

"तुझं नाही. आपण सगळे मित्र आहोत असं मी धरून चाललो होतो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "ते कोणी ठरवलं होतं? मीच."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टर्मिनलपाशी त्याने बॅगा उतरवल्या आणि विचारलं, "ईशाचं ग्रॅज्युएशन कधी?"

"पुढच्या महिन्यात."

"म्हणजे इथेच होईल. बरं झालं," म्हणाला, आणि आत गेला.