त्रिंबकपंतांची शाई गोठली आणि गोदूबाई चौथी पायरी चढली त्याची हकीकत

श्री हिमदेवता प्रसन्न. शके सोळाशे एक्क्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सरे, पौष शुद्ध सप्तमी, ते दिवशी एका थंड राज्यात बर्फावरील परीक्षा जाहली, ती जैसी घडली तैसी लिहितो.

राज्याचा शिरस्ता ऐसा की, पायी पोलादी पाती बांधून बर्फावर घसरणारांस आठ पायऱ्या, आणि येथे कोणी कोणास हरवावयाचे नाही, ठरल्या मापास उतरावयाचे. आणि तीन परीक्षक दूर दूर बसवावे, त्यांनी एकमेकांकडे पाहून खाकरूही नये, आपापले मत स्वहस्ते शाईने लिहावे, दोघे अनुकूल तर पायरी मिळाली, आणि मिळाली पायरी खुद्द महाराजांसही काढून घेता येत नाही. नाही तर 'पुन्हा यावे' ऐसा शेरा, कारण नापास हा शब्द राज्यात अशुभ, आणि मग सत्तावीस दिवस घरी बसावे. शंका आल्यास परीक्षकाने एखादी चाल एकदाच पुन्हा मागावी.

गोदूबाई साखळकर चौथ्या पायरीस उभी राहिली. पौर्णिमेस दरबारी खेळ, त्यात चौथीखालच्यांस मज्जाव, म्हणजे आज राहिली तर वर्ष गेले. बाई घसरली उत्तम, परंतु एका पायावर उलट वळताना दुसरा पाय बर्फास टेकला. पहिल्या परीक्षकांनी अनुकूल लिहिले, दुसऱ्यांनी प्रतिकूल, आणि तिसरे त्रिंबकपंत 'पुन्हा यावे' लिहू गेले तो दौतीत शाई दगड जाहली. परीक्षकाची लेखणी अडली हे सांगणे लाजिरवाणे, म्हणोन पंतांनी दौत शालीखाली काखेत धरिली आणि गंभीरपणे आज्ञा केली, "उलट वळण पुन्हा घालावे."

बाईने घातले, पाय टेकला. "पुन्हा." घातले, टेकला. चौथ्या वेळी कारकून म्हणाला, "पंत, शंका एकदाच विचारायची ना?"

"एकच आहे. ती फिटली नाही."

बाई धापा टाकीत वस्तादाजवळ आली. "बहिरजी वस्ताद, हे कुठवर?"

"पंतांच्या काखेत ऊब येईतो. त्यांची प्रकृती मुळात थंड. तू आपली खांदा आवर, पाय आपसूक राहील."

मग बाईने खांदा आवरिला, आणि पाचवे वळण बरे जाहले, सहावे त्याहून बरे, आणि सातव्यास पाय अधर राहोन पाते ऐसे फिरले की बर्फावर केसाएवढी रेघ उमटली. तेच क्षणी शाई सुटली. पंतांनी रेघ निरखिली, आणि लिहिले, 'अनुकूल.'

कारकून हळूच म्हणाला, "पंत, मन पालटले वाटते?"

"मन तेच आहे. पाय पालटला."

बाई पौर्णिमेस दरबारी खेळली. सारांश, मते तीन, अनुकूल दोन, पायरी कायम. हे वर्तमान वर कळताच सरकारातून हुकूम सुटला की परीक्षकांनी यापुढे शिसपेन वापरावी. ते साली उत्तीर्णांची संख्या निम्मी जाहली.