सुलेमानचाचा आणि उपाशी बॅटरी

आमच्या गल्लीत कुणी कुणाला भेटलं की 'काय, बरं आहे ना?' असं विचारतात. सुलेमानचाचा विचारतात, "किती दाखवतंय?" हा प्रश्न तुमच्या तब्येतीविषयी नसतो, तुमच्या गाडीच्या बॅटरीविषयी असतो. गाडी नसेल तर ते इन्व्हर्टरची चौकशी करतात. तोही नसेल तर तुमच्याकडे जरा कीव आल्यासारखं बघतात आणि पुढे जातात.

लोकांच्या सदऱ्याच्या खिशात चष्मा असतो, तंबाखूची पुडी असते. चाचांच्या खिशात वीज मोजायचा मीटर असतो. पिवळ्या रंगाचा, एका कोपऱ्यावर चिकटपट्टी मारलेला. त्याच्या लाल आणि काळ्या वायरी खिशाबाहेर लोंबत असतात, त्यामुळे नवीन माणसाला ते लांबून डॉक्टर वाटतात. पस्तीस वर्षं त्यांनी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढली. आता राजिवड्याच्या चढावर आमच्या समोरच्या घरात एकटेच राहतात. चाची जाऊन सहा वर्षं झाली. मुलगा इम्रान दोह्याला असतो.

कुठलाही वाद संपवायची चाचांची पद्धत ठरलेली आहे. समोरच्याचं बोलणं ते शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, "जहाजावर असा चालत नाय." जहाजावर गेलेलं आमच्यात दुसरं कुणी नसल्यामुळे वाद तिथेच संपतो. आमटीत गूळ किती घालावा, हा वादही त्यांनी एकदा असाच संपवला होता.

गेल्या वर्षी गल्लीत एक लग्न होतं. चाचा नवरानवरीला आशीर्वाद द्यायला स्टेजवर चढले. तेवढ्यात मांडवातली दिव्यांची माळ लुकलुकली. चाचांनी आशीर्वाद अर्धवट टाकला आणि मागच्या मागे उतरून गायब झाले. फोटोग्राफर, नवरानवरी, मागची साठ माणसांची रांग, सगळे थांबले. पाच मिनिटांनी ते घाम पुसत परत आले, "न्यूट्रल लूज होता. घ्या आता फोटो," म्हणाले आणि हसून उभे राहिले. त्या फोटोत नवरीच्या हारावरून मीटरची काळी वायर लोंबताना दिसते.

तर अशा माणसाकडून मी जुनी मोटरसायकल घेतली. चूक माझीच. मी जाकादेवीच्या पुढच्या एका शाळेत क्लार्क आहे. (चाचा मला मास्तर म्हणतात. शाळेत जातो तो मास्तर, असा त्यांचा हिशेब.) सकाळची एसटी इतक्या लवकर सुटते की ती पकडायची तर आंघोळ आदल्या दिवशीच करून ठेवावी लागते. मला गाडी हवीच होती. आणि चाचांच्या पडवीत इम्रानची मोटरसायकल ताडपत्रीखाली अकरा वर्षं उभी होती. इम्रानने फोनवर सांगितलं, "अब्बा, विकून टाका आता." चाचांनी दोन महिने ते ऐकू आलं नाही असं दाखवलं आणि मग एक दिवस मला बोलावलं.

विकण्याआधी त्यांनी गाडी आठ दिवस रंगवली. आमच्याकडे खारा वारा लोखंड खातो, हे खरं आहे. पण चाचांना जहाजावरची सवय. हातात ब्रश आला की समोर जे असेल ते रंगवायचं. गाडी अशी काळीभोर चकचकीत झाली, की माझी बायको मेधा तिच्यात बघून केस सारखे करायची. किल्ली देताना चाचा म्हणाले, "वायरिंग माझ्या हातची हाय. काय झाला तर माझ्याकडं ये. दुसऱ्याच्या हातात दिलास तर बघ."

तिसऱ्या आठवड्यात गाडी निवळीच्या अलीकडे मेली. आधी हॉर्न घोगरा झाला, मग दिवा पिवळा पडला आणि मग काहीच उरलं नाही. या गाडीची बॅटरी संपली की इंजिनही बंद, किक मारून उपयोग नाही. मी तिथल्या मेकॅनिकला दाखवली. त्याने गाडीकडे न बघताच सांगितलं, "बॅटरी बदला." मी बदलली. नवी बॅटरीही दहा दिवसांत आटोपली.

चाचांना हे कळलं ते मी गाडी ढकलत चढावर आलो तेव्हा. ते पडवीतून उठून आले. मला वाटलं हात लावतील. त्यांनी सीट उचलून नवी बॅटरी बघितली आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचा नातू विकून आलो होतो.

"बॅटरी बदललास? कुणी सांगितलान?"

"मेकॅनिकने."

"बॅटरी गरीब बिचारी. तिला जो तो शिव्या घालतो. मास्तर, बॅटरी तीन तऱ्हेनं मरते. एक म्हातारपणानं. दुसरी चोरीनं, म्हणजे गाडी उभी असताना कुठंतरी करंट गळतो. आणि तिसरी उपासमारीनं. तुझी पहिली विकताना मीच नवी घातलेली आणि ही तर कालची पोर. म्हणजे चोरी नायतर उपासमार."

मेधा दारातून म्हणाली, "चाचा, ती गाडी परतच घ्या. मला तिच्यावर बसायची भीती वाटते आता."

चाचांनी उचललेली सीट खाली केली. त्यांना लागलं ते, हे मला दिसलं. मग ते म्हणाले, "रविवारपर्यंत मुदत दे. दोष नाय सापडला तर गाडी परत माझ्या पडवीत. शब्द."

मेधाने लगेच मान डोलावली. मला पुन्हा पहाटेची एसटी दिसू लागली.

सोमवारपासून रोज संध्याकाळी आमच्या अंगणात चौकशी बसू लागली. चाचा स्टुलावर, मी उकिडवा, गाडी मध्ये. पहिल्या दिवशी चोरीचा तपास झाला. किल्ली बंद करून त्यांनी गळती मोजली. काही निघालं नाही. तरी त्यांनी हॅंडलवर बसवलेल्या मोबाईलच्या चार्जरवरून मेधाची उलटतपासणी घेतली. ती चहाचा ट्रे घेऊन तशीच आत गेली, तेव्हा त्यांनी तिला निर्दोष सोडलं.

मंगळवारी उपासमार सिद्ध झाली. चाचांनी रात्रभर घरी चार्ज केलेल्या बॅटरीच्या दोन्ही टोकांना वायरी लावल्या आणि मला गाडी चालू करून रेस द्यायला सांगितलं. "गाडी चालू असली की हिला वरनं खाऊ मिळतो. रेस दिलीस की मीटरनं चौदा व्होल्टच्या वर जायला पायजे. बघ, बारावरच बसलाय. जेवण पोचत नाय."

बुधवारी इंजिनाजवळची मॅग्नेट कॉईल तपासली. तिथे वीज भरपूर तयार होत होती. "स्वयंपाक होतोय," चाचा म्हणाले, "वाढपी चोर हाय." वाढपी म्हणजे रेग्युलेटर. कॉईलची वीज मोजूनमापून बॅटरीला देणारा, सीटखाली फ्रेमला बोल्टने आवळलेला अल्युमिनियमचा डबा. गुरुवारी चाचा स्वतः बाजारात जाऊन नवा रेग्युलेटर घेऊन आले आणि बसवला. मी रेस दिली. मीटर बारावर.

शुक्रवारी चाचांनी माझ्यावर संशय घेतला. मी ब्रेकवर पाय ठेवून चालवतो, त्यामुळे मागचा दिवा सतत जळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मी नाही म्हणालो. मग त्यांनी मला अंगणात सात फेऱ्या मारायला लावल्या आणि मागच्या दिव्याकडे बघत स्वतः माझ्यामागे चालत राहिले. गल्लीतली चार माणसं कठड्यावर येऊन बसली. शनिवारी त्यांनी एकेक वायर, एकेक जोड उघडून पुसला. फक्त स्वतःच्या हातचं काम सोडून जगातल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांचा संशय होता. मला त्यांची दया यायला लागली होती. खरं सांगायचं तर रागही येत होता.

रविवारी सकाळी मेधाने चाचांच्या पडवीतली गाडीची जागा झाडून घेतली. चाचांनी ते पाहिलं आणि ते मीटर घेऊन आमच्या अंगणात आले.

"शेवटचा एकदा मोजू," ते म्हणाले. "आज तू वायरी धर, मी रेस देतो. लाल प्लसला, काळी मायनसला."

मी लाल लावली. काळी लावताना माझा हात घसरला आणि वायरीचं टोक रेग्युलेटरच्या डब्यावर टेकलं. चाचांनी रेस दिली.

"चौदा!" मी ओरडलो. "चाचा, चौदा पॉइंट चार!"

चाचा वाकले. त्यांनी आधी मीटर पाहिला, मग माझा हात. "कुठं लावलास?" मी दाखवलं. त्यांनी माझ्या हातातली वायर काढून बॅटरीच्या मायनसला लावली. बारा. पुन्हा डब्यावर. चौदा. त्यांनी गाडी बंद केली आणि स्टुलावर बसले.

"वाढपी बरोबर वाढतोय," ते हळूच म्हणाले. "पानात पडत नाय. डब्याचा अंग फ्रेमला टेकायला पायजे, तिथनंच मायनसला वाट, तेच त्याचा अर्थिंग. धातूला धातू लागला तर करंट फिरतो. मधे रंग हाय."

"म्हणजे?"

"म्हणजे मीच. डबा काढून त्याच्याखाली रंग मारलाय मी. जहाजावर पस्तीस वर्षं पोरांना शिव्या दिल्या, अर्थिंगच्या जागी ब्रश लावू नका म्हणून."

मी हसलो असतो. आठवडाभर त्या माणसाने माझा पाय, माझी बायको आणि तिचा मोबाईल यांना पिंजऱ्यात उभं केलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून हसू आलं नाही. त्यांनी बोल्ट काढला, डबा बाजूला केला आणि खिशातल्या चाकूने फ्रेम खरवडायला सुरुवात केली. वरचा काळा निघाला. खाली तेवढ्या जागेपुरतं लोखंड होतं, पण कडेला रंगांचे थर दिसत होते, एकावर एक.

"आधी मी ही जागा सोडून रंगवायचो. दर वर्षी," चाचा म्हणाले. चाकूचं टोक एका हिरव्या पट्टीवर थांबलं. "ह्या रंगाच्या वर्षी इम्राननं म्हटलान, ईदेला येतो. जहाजाचा उरलेला हिरवा होता, तो लावला. त्याला आवडला नसता. हा करडा, चाची गेली तेव्हाचा. तेव्हा आला होता, तीन दिवस. ताडपत्री काढायला पण वेळ नाय मिळाला त्याला. ह्याच्यावरचा निळा त्यानं फोनवर सांगितलान, निळा करा, डिसेंबरात येतो."

"आणि हा शेवटचा काळा?"

"हा तुझ्यासाठी. तेव्हा लक्ष नव्हता माझा." ते पुन्हा खरवडू लागले. "हात रंगवत होता नुसता."

मेधा कधीतरी येऊन मागे उभी राहिली होती. तीच म्हणाली, "चाचा, तुम्हाला ठेवायची असेल तर ठेवा ना गाडी. खरंच. आम्ही बघू दुसरी."

"कशाला? उभी करायला?" चाचांनी डबा बसवला, बोल्ट आवळला. "गाडी चालायला पायजे. चालव, मास्तर."

त्यांनी मायनसला वायर लावली, मी रेस दिली. चौदा पॉइंट दोन. आजही कठड्यावर येऊन बसलेल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. चाचांनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. ते म्हणाले, "असा उभ्या उभ्या काय कळत नाय. रस्त्यावर बघायला पायजे." आणि माझ्यामागे बसले. सीटखालून वायरी बाहेर काढून त्यांनी मीटर एका हातात धरला. दुसरा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

आम्ही उतार उतरून भाट्याच्या पुलावर आलो. भरती होती, वारा समोरून येत होता. पूल संपला तिथे मी गाडी हळू केली आणि विचारलं, "किती दाखवतंय, चाचा?"

"चौदा."

"मग फिरवू मागे? झालं ना काम?"

खांद्यावरचा हात तसाच होता. ते म्हणाले, "नाय. अजून थोडी चार्ज होऊ दे."

मी गाडी पुढे, पावस गावच्या रस्त्याला लावली.