सुधाकरचा एकुलता एक वाचक

आमच्या कुरुंद्यात कुणी नवी गाडी घेवो नाहीतर जावई करो, सुधाकर एकच विचारतो, "बॅकअप हाय का?" माझ्या पोरीच्या साखरपुड्यात भर मांडवात नवरदेवाकडं बघून त्यानं हेच विचारलं. व्याही अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

सुधाकर म्हणजे माझा शेजारी आणि वर्गमित्र आबा, त्याचा पोरगा. पुण्यातल्या एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतो, तोही घरी, दार लावून. डेटाबेस म्हणजे काय ते मला विचारू नका. मला माझ्या दुकानातली खतं-बियाणं कळतात, तेवढं बस झालं. पण संक्रांतीपासून यानं त्या डेटाबेसवर मराठीत ब्लॉग लिहायला घेतला आणि माझं नशीब फुटलं. लेख झाला की लॅपटॉप घेऊन दुकानात हजर. गिऱ्हाईक युरियाचं पोतं उचलून ताटकळलंय आणि हा आपला वाचून राहिला. मधेच विचारतो, "काका, समजलं का?" व्हय म्हटलं तर म्हणतो, सांगा बरं. न्हाई म्हटलं तर सगळं पुसतो आणि उद्या नवीन घेऊन येतो. कंपनीतल्या शहाण्यांना वाचायला दे म्हटलं, तर म्हणे त्यांना आधीच समजतं, त्यांचा काय उपेग?

परवा तर कहर झाला. लेख बॅकअपवरच होता. त्यात लिहिलेलं, शिजवून वाळवलेली हळद आपण पोत्यात ठेवतो ना, तसा बॅकअप. पीक गेलं तर तीच परत लावायची. माझं टाळकंच सरकलं.

"अरे, शिजवलेली हळद उगवती का कुठं? लावायचं बेणं कच्चं राखतात, सावलीत, पाल्याखाली झाकून. हळदवाल्याचं लेकरू ना तू?"

गिऱ्हाइकं हसली. सुधाकरनं लॅपटॉप मिटला.

"बरं झालं सांगितलं, काका. आबांनी इथंच ऐकणं सोडलं असतं."

"आबा काहून ऐकंल हे?"

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. आबाला वाटतं, पोराची नोकरी गेली आणि हा लाजेपायी दार लावून बसतो. समजवायला गेलं की आबा उठून जातो. ब्लॉग त्याच्यासाठीच चाललेला.

"तुमी दोघं एका वर्गातले. तुमाला समजलं तर त्यांना समजंल," सुधाकर म्हणाला. "आन् तुमी गल्ला सोडून उठत न्हाई."

आता अशा माणसावर चिडावं तरी कसं?

दुरुस्त केलेला लेख मोबाइलवर घेऊन मीच दुसऱ्या दिवशी सकाळी आबाकडं गेलो. तो अंगणात बेणं निवडत बसला होता. वाचायला लागलो. बेण्याचं आलं तसा त्याचा हात थांबला. शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "म्हंजे कंपनीचं समदं बेणं ह्याच्या हवाली हाय?"

"व्हय."

आबा उठला. झालं, म्हटलं, सगळं मुसळ केरात. पण तो आत गेला, कपात चहा ओतला आणि सुधाकरच्या बंद दाराशी जाऊन उभा राहिला. एवढ्या वर्षांत आबाचा एवढा मऊ आवाज मी ऐकला नव्हता.

"सुधा, आत येऊ का रे?"