फुकटातलं अख्खं शिखर

कृष्णनाथ आरोलकरांना एखादी गोष्ट आवडल्याचं पेडण्यात कोणी पाहिलेलं नाही. मामलेदार कचेरीत ते अव्वल कारकून. गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळून सहा वर्षं झाली होती. पण तो आपल्याला न विचारता दिला, म्हणून त्यांनी तो अजून पुरता मान्य केलेला नव्हता! अशा माणसाला प्रवासाची हौस असावी, हे आशिया खंडाचं दुर्दैव.

बँकॉकचा भलामोठा निजलेला बुद्ध पाहून ते म्हणाले होते, "पिवळी भिंत आसा. रंग बरो मारललो." श्रीलंकेतल्या कँडीच्या तलावाला त्यांनी गोव्यातल्या मयेच्या तळ्याचं धाकटं भावंडही मानलं नाही. आणि आता चौघं नेपाळात होती: कृष्णनाथ, बायको विनोदिनी, मेहुणा बाबली आणि त्याची बायको देवकी. बाबलीचे डिचोलीला खनिजाचे ट्रक होते. प्रवासाची हौस बाबलीची, पिशव्या बाबलीने उचलायच्या आणि नाकं मुरडायची भावोजींनी, अशी कामाची वाटणी.

आदल्या पहाटे नगरकोटच्या डोंगरावर सूर्योदय झाला. हिमालयाची रांगच्या रांग सोन्याची झाली. देवकीने हात जोडले. एक फ्रेंच बाई तर रडली!

"ढग आसत," कृष्णनाथ म्हणाले. "ह्याच्यासाठी माका चार वाजता उठवलास? हळर्णच्या किल्ल्यावर ये, ह्याच्यापेक्षा बरे ढग दाखयतंय!"

दुसऱ्या दिवशी भक्तपूरला पोचल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते गाइडला हाकलायचं.

"भावोजी, तो बरी माहिती सांगता," बाबली कुरकुरला.

"माहिती? अरे, नेपाळची लिपी आपलीच! देवनागरी! सगळ्या तालुक्याचे अर्ज वाचलंय मी. तलाठ्याचा अक्षर लागता माका, मग नेपाळ्यांचा लागूचा नाय? माझ्या मागसून या!"

आणि ते निघाले, सेनापतीसारखे. दोन चौक ओलांडले, तिसऱ्या गल्लीत वळले. तिथे एका पांढऱ्या इमारतीसमोर माणसांची ही मोठी रांग! म्हातारेकोतारे, काठ्या टेकणारे, नातवंडांच्या खांद्यावर हात ठेवलेले. दारावर लांबच लांब कापडी फलक. कृष्णनाथांनी डोळे बारीक केले. पहिला शब्द हातभर उंच, लालभडक होता.

"निःशुल्क!" ते गरजले. "बघितलास? गाइड तुका हय कधी हाडतलो नाय. त्याचा कमिशन बुडता!"

विनोदिनी फलक वाचत म्हणाली, "अहो, पण पुढे 'आँखा शिविर' लिवलला आसा..."

"आँखा म्हणजे अख्खा! शिविर म्हणजे शिखर! अख्ख्या शिखराचा दर्शन, फुकट! वहाणा काढा!"

"माका काय ता देऊळ दिसणा नाय," देवकी हळूच म्हणाली.

"दिसूक श्रद्धा लागता, देवकी!"

कृष्णनाथ रांगेत उभे राहिले. बायकांनी मात्र समोरच्या ओट्यावर बैठक मारली आणि बाबली पिशव्या सांभाळत त्यांच्यापाशी थांबला.

रांग सरकत सरकत टेबलापाशी आली. टेबलामागच्या मुलीने हसून कार्ड पुढे ओढलं. नाव, गाव, वय. मग तिने विचारलं, "कति वर्ष भयो?"

कृष्णनाथांना 'कति' तेवढं कळलं. किती जण आलात, दुसरं काय विचारणार! त्यांनी बोटं दाखवली. "चार!"

मुलीचा चेहरा कळवळला. चार वर्षं बिचारा असाच! "कुन आँखा?"

"अख्खा!" कृष्णनाथ ठणकावून म्हणाले. "अर्धा नाय चलूचा! अख्खा!"

मुलीने 'दुवै' असं लिहिलं, म्हणजे दोन्ही, आणि त्यांच्या कपाळावर दोन भुवयांच्या वर चिकटपट्टीचे दोन तुकडे चिकटवले.

"अहो, ह्यो कसलो टिळो?" विनोदिनी ओट्यावरून ओरडली.

"हयली पद्धत! भस्म महाग झाला असतला!"

एका स्वयंसेवकाने त्यांना हाताला धरून आत नेलं. मानाने नेतात म्हणून कृष्णनाथ ताठ चालले. आत त्यांना हिरवा डगला घातला, डोक्यावर हिरवी टोपी चढवली. सोवळं! रेशमी नव्हतं, पाठीमागे नाड्या होत्या, पण परदेशात एवढं चालायचंच. मग त्यांना एका उंच बाकावर आडवं केलं.

"साष्टांग असो उताणो घालतत?" ते पुटपुटले. तोंडावर फडकं बांधलेले एक पुजारी वाकून पाहू लागले. आणि त्याच क्षणी धुपाच्या जागी स्पिरिटचा वास आला. बाजूच्या बाकावरच्या म्हाताऱ्याच्या डोळ्यावर कापसाची ही जाड पट्टी होती. त्याच्या पलीकडच्याच्याही. त्याच्या पलीकडच्याच्याही!

तलाठ्याचं अक्षर लावणाऱ्या मेंदूत त्या क्षणी लख्ख उजेड पडला. आँखा!

"विनोदिनी!" कृष्णनाथांनी फोडलेली किंकाळी तीन गल्ल्यांतली कबुतरं उठवून गेली. "बाबली! माका सोडय रे! माझे डोळे काढतत!"

बाबली पिशव्यांसकट आत घुसला. त्याच्या मागोमाग बायका. डगल्याच्या नाड्या बाकाला अडकल्या होत्या, त्यामुळे कृष्णनाथ पळायला जात होते आणि बाक त्यांच्याबरोबर येत होता. दोन परिचारिका बाक धरून, बाबली भावोजींना धरून! शेवटी डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं खाली केलं, टॉर्च घेतली आणि दोन्ही डोळ्यांत नीट डोकावून पाहिलं.

"मोतियाबिंदू कहाँ है? इनकी आँखें तो साफ हैं!"

"मेरे को कुछ नहीं हुआ!" कृष्णनाथ म्हणाले. "मेरे को सब दिखता है!"

"अच्छा? तो सामने का बोर्ड पढ़िए।"

"कौन सा बोर्ड?"

"वो, दीवार पर।"

"दीवार किधर है?"

विनोदिनीने कपाळावर हात मारला. कृष्णनाथ अर्ज नाकाला लावून वाचायचे, त्यामुळे कचेरीत कधी अडलं नव्हतं. बाकीचं जग मात्र हा माणूस वीस वर्षं नुसतं अंदाजाने नापसंत करत आला होता!

डॉक्टर भला माणूस. हसू गिळून त्याने दान आलेल्या चष्म्यांचा खोका मागवला, एकेक लावून पाहिला. जुळला तो नेमका गुलाबी फ्रेमचा, बायकी, दोन्ही कोपऱ्यांना फुलपाखरं असलेला. कृष्णनाथांनी तो नाकावर चढवला आणि मुकाट्याने बाहेर आले.

गल्लीच्या टोकाला पाच मजली देऊळ उभं होतं. कृष्णनाथ थबकले. एकेका लाकडी टेकूवर देव कोरलेले, पायऱ्यांवर दगडी मल्ल, हत्ती, सिंह. बाबली सवयीने शेरा ऐकायला तयार झाला. शेरा येईना.

"बाबली," बऱ्याच वेळाने घोगरा आवाज आला, "ह्या लाकडार कोरलला आसा रे!"

"होय भावोजी. तीनशे वर्सां झाली."

इतकी वर्षं आपण काय काय हुकवलं! बँकॉक, कँडी, सगळं! आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना कोणाचं तरी मनापासून कौतुक करावंसं वाटलं. ते वळले. शेजारी विनोदिनी उभी होती, डोळे पुसत, इतक्या वर्षांनी नवऱ्याचं हे रूप पाहून विरघळलेली. त्यांनी प्रेमाने तिच्याकडे पाहिलं. अगदी निरखून पाहिलं.

"विनोदिनी," ते हळुवार म्हणाले, "तू इतकी म्हातारी कधी झालंस गो?"

त्यानंतर गोरखपूरपर्यंतची बस, पुढच्या तीन गाड्या आणि पेडण्यापर्यंतचा सगळा रस्ता विनोदिनी अवाक्षर बोलली नाही. खिडकीकडची जागाही तिने देवकीला दिली आणि स्वतः नवऱ्याच्या बरोबर समोर बसून राहिली. कृष्णनाथांना सगळ्या वाटेत तेवढं एकच दृश्य होतं, आणि ते फारच स्पष्ट दिसत होतं!