आकांक्षाची पेशी

आकांक्षा आत फोनवर बोलत होती आणि मधुकरराव ओट्यावर बसून बाजाराची वांगी निवडत होते. लेक नागपुरात संशोधन करते, एवढंच त्यांना ठाऊक. कसलं ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. विचारावं आणि आपल्याला समजू नये, याची त्यांना भारी लाज वाटे. पण आज कान आपोआप तिकडे गेले.

"सोमवारी वर्ध्यालाच ना मॅडम? हो, पेशीचं विभाजन. त्याच्याकडे आजवर कोणी लक्षच दिलं नाही. पण त्याला बाजूला काढलं, की दोन वाटे धड पडत नाहीत."

मधुकररावांच्या हातातलं वांगं सुटलं. त्यांच्या अल्लीपूर गावात पेशी म्हणजे एकच, कोर्टाची तारीख. विभाजन वावराचं, म्हणजे शेतजमिनीचं. आणि बाजूला काढायचं कोणाला? तिच्या सख्ख्या भावाला, धनंजयला! पोटची पोर बापाला कोर्टात उभं करणार!

ते तडक थोरल्या भावाकडे गेले. लक्ष्मणरावांचा अर्धा जन्म धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणापायी हिंगणघाटच्या कोर्टात गेलेला. पेशी या विषयातले ते गावचे प्रोफेसर.

"मॅडम मंजे वकिलीनबाई. पोरीची तयारी पक्की हाय," ते म्हणाले. "मधू, पेशी एकदा लागली का मानूस म्हातारा होते. तिनं मागाच्या पहिलेच तिचा वाटा देऊन टाक."

धनंजयला विचारलं, तर तो म्हणाला, "द्या नं बाबा, हक्कच हाय तिचा." या पोराला बाजूला काढायला निघाली ही, या विचारानं मधुकररावांना आणखीच भरून आलं.

संध्याकाळी लक्ष्मणरावांना साक्षीला बसवून त्यांनी लेकीला बोलावलं.

"इहिरीजवळचं वावर तुयं. पन बाई, बापाले कोर्टात नको नेऊ."

"कोर्टात?" चहा आणणाऱ्या आकांक्षाच्या आई, कोकिळाबाई, दारातच थबकल्या. "अवो, काय बोलून राह्यले?"

"सोमवारची पेशी! म्या सोताच्या कानानं आयकलं."

आकांक्षा हसता हसता खाली बसली. "बाबा, ते आंगातली पेशी! एकीच्या दोन होते, तवा मानूस वाढते. त्यात एक जनुक हाय, त्याचा अभ्यासच कोनी केला नाई. ते नसलं का पेशी वाटे पाडता पाडता मधातच अडकते. वर्ध्याच्या कॉलेजात हेच मराठीतून सांगाचं हाय मले."

"मधात अडकते मंजे स्टे लागते," लक्ष्मणरावांनी जाणकारासारखी मान हलवली.

सगळे पोट धरून हसले. मधुकररावांचा जीव भांड्यात पडला.

"अन् वावर राहू द्या बाबा. मी काय करू त्याचं?"

मधुकररावांचं हसू थांबलं. दिवसभर मनाची समजूत घालून त्यांनी सगळ्यात पाणीदार तुकडा काढला होता. मनातल्या मनात तिथे लेकीच्या नावानं वांगीसुद्धा लावून झाली होती.

"नाई मंजे? दादाच्या समोर शब्द देला म्या!"

"खरंच नको बाबा."

मधुकरराव भावाकडे वळले. "दादा, तुमच्या वकिलाचा नंबर द्या. इची पेशी सोमवारी होऊ द्या, मंगळवारी मीच पेशी लावतो इच्यावर. वावर घेत कशी नाई, पाह्यतो!"